घरच्या वायफायचं नाव

वच्छलाबाईंचा जुना राउटर लाइनच्या झटक्यानं जळला. मंगळवारी राळेगावहून केबलवाल्याचा माणूस येऊन नवा बसवून गेला. वायफायला नाव काय द्यायचं, असं त्यानं विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘प्रेरणाचे बाबा’. त्या माणसानंही मान खाली घालून तेच टाकलं अन् गाडीला किक मारली. झालं! मोबाइलमध्ये नेट आलं, पण टीव्ही गप्प अन् बैठकीतला कॅमेराही गप्प.

प्रेरणा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. सात महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या कॅमेऱ्यात. आई एकटी, त्यात एकदा न्हाणीत घसरलेली. तिनं फोनवर सांगूनच टाकलं होतं, की शनिवारपर्यंत कॅमेरा लागला नाही तर रविवारी येऊन तुला घेऊनच जाईन. बाईंना जायचं नव्हतं. पुण्याच्या नवव्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसायचं, त्यापेक्षा इथलं रिकामं घर बरं. निदान इथं ते वावरले होते.

शनिवारी दुपारी प्रेरणानं फोनवर पुन्हा समजावलं. घरातल्या वस्तू जुनंच नाव ओळखतात. नव्या राउटरमध्ये तेच नाव, तोच पासवर्ड टाकला की सगळं आपोआप जुळतं. पण सेटिंगचं ते पान घरच्या वायफायवरच उघडतं, पुण्याहून नाही.

बाईंना ते समजत नव्हतं का? चांगलं समजत होतं. पण त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर, हौशी माणूस. वायफायला स्वतःचंच नाव देऊन बसलेले. अन् नवऱ्याचं नाव बाईंनी चव्वेचाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. लग्नात सासूनं दारात अडवून उखाण्यात घ्यायला लावलं, तेवढंच. रेशनच्या दुकानात त्या कार्ड पुढे करत. मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा साहेबानं नाव विचारलं, तर त्यांनी आधारकार्ड टेबलावर ठेवलं होतं.

“आई, मी एक एक अक्षर सांगते, तू दाबत जाय,” प्रेरणा म्हणाली.

राउटरच्या खाली छापलेले आकडे टाकून बाईंनी पान उघडलं. ‘प्रेरणाचे बाबा’ पुसलं. मग के, मग आय. बाईंना लाजही वाटत होती अन् रडूही येत होतं. आठ अक्षरं झाली, पासवर्ड झाला, आणि त्यांनी सेव्ह दाबलं.

दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग टीव्हीवर चित्र आलं. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला.

“दिसून राह्यली तू,” प्रेरणा म्हणाली. आता रविवारची गाडी रद्द करते, असंही म्हणाली, अन् तिनं फोन ठेवला.

झालं बाईंच्या मनासारखं. त्या बैठकीत उभ्या राहिल्या. घरातल्या साऱ्या वस्तूंनी एका नावासरशी ओ दिली होती. ‘अहो, आयकलं का?’ एवढ्यावर अंगणातून ‘हो’ म्हणणारा माणूस तेवढा ओ द्यायचा राहिला होता. बाईंनी पदर सावरला.

“किसनराव,” त्या म्हणाल्या. थांबल्या. मग जरा मोठ्यानं म्हणाल्या, “किसनराव.”

तिकडून बघत असलेल्या लेकीचा आवाज कॅमेऱ्यातल्या स्पीकरमधून आला. “आई? कोणाले आवाज देऊन राह्यली?”

“कोणाले नाही,” बाई म्हणाल्या. मग कॅमेऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “गाडी रद्द केली का वं तू?”

“अजून नाही. काहून?”

“नको करू. मले न्यायले नको येऊ. पण ये.”