लेम्पीबाईंचा उजवा खांदा

गेल्या सप्टेंबरात लेम्पीबाईंचं पत्र आलं. मी उत्तर दिलं नाही.

"तौनो, माझा उजवा खांदा वर जात नाही. दुसऱ्या कुणाचा हात मला नको. तुझे हात खरे आहेत. ये, आणि अर्धवट टाकलेलं शिकणंही पुरं कर."

खरे हात! वाचून वाटलं, ही बाई गोड बोलून मला पुन्हा ओढून घेते आहे.

चार वर्षांपूर्वी, ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर, सांधे आणि पाठ हातांनी मोकळी करायला मी त्यांच्याकडे शिकत होतो. पुस्तकं ढीगभर वाचली होती. माणसाच्या अंगाला हात लावायचं मात्र भय वाटे. त्यांची रीत ठरलेली. आधी सौनाच्या, म्हणजे वाफेनं न्हायच्या लाकडी खोलीच्या, उबेत बसवून अंग मऊ करायचं, मग पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत चाचपत जायचं. कुठं दुखतं ते विचारायचं नाही.

"विचारलंस की डोकं बोटांच्या पुढं धावतं," त्या म्हणत. "तुझं तर आधीच फार धावतं, बाबा."

एकदा त्यांनी मलाच बाकावर निजायला सांगितलं. त्याआधी मी त्यांच्या नवऱ्याबरोबर, आर्वोबरोबर, सौनात बसलो होतो. नेहमीसारखे दोघंही भट्टीकडे बघत, गप्प. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट मी सांगून टाकली. तरुणपणी ग्रंथालयाच्या शिडीवरून पडलो होतो, लाजेपोटी लपवलं, तेव्हापासून डावा खुबा दुखतो. आर्वोनं मान हलवली, वाफ काढायला भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि माझ्या आधी बाहेर गेला.

थोड्या वेळानं लेम्पीबाईंची बोटं डाव्या खुब्यापाशी थांबली. "पडलायस. उंचावरून. जुनं आहे."

मी कपडे घातले आणि घरी आलो. पुन्हा गेलो नाही. नवरा बातमी पोचवतो आणि बायको बोटांच्या नावावर खपवते, एवढं मला कळलं होतं.

परवा दुकानात केर्तू भेटली, लेम्पीबाईंकडे शिकतानाची माझी जोडीदार.

"लेम्पीबाई एका हातानं काम करताहेत. जात का नाहीस?"

मी अडखळत सगळं सांगितलं. तिनं बटाट्यांची पिशवी खाली ठेवली.

"आर्वोनं ऐकलं? अरे, लाकूडगिरणीच्या करवतींनी तो ठार बहिरा झालाय. तीस वर्षं झाली!"

"मला कुणी सांगितलं नाही."

"सबंध हिवाळा एका फळीवर बसलात ना दोघं?"

"सौनात कोण बोलतं?"

"तू बोललास की! जन्मात एकदा तोंड उघडलंस, तेही बहिऱ्यापुढं."

"त्यानं मान हलवली."

"पाणी ओतायला सांगतोयस, असं वाटलं असेल त्याला."

म्हणजे ती बोटं खरी होती. मग माझ्या हातांबद्दल त्यांनी लिहिलं तेही कदाचित खरं असेल. मला अजून खात्री नाही. तिकडे आठ महिने तो खांदा वाट बघतो आहे.

आज लिहिलं: "लेम्पीबाई, मी तुमच्यावर संशय घेतला. आर्वोवरही. माफ करा. शनिवारी येतो. कुठं दुखतं ते तुम्ही कळवायला नको होतं. तरी मी अंगठ्यापासूनच सुरुवात करीन."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं. हात क्षणभर फटीतच राहिला, मग बाहेर काढला.