साडेचारची बंदूक

मित्रांनो, माझ्या दस्त्याला चीर गेली आहे आणि माझा पंप दम्याच्या रोग्यासारखा सुस्कारतो. इंडोनेशियाच्या पश्चिम जावातल्या एका लोहाराने घडवलेली मी साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची बंदूक. आता फार थकले आहे.

दारसा मला घ्यायला आला, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पण त्याचा डोळा शेजारच्या साडेपाच मिलिमीटरच्या बंदुकीवर होता.

"मारणार काय?" लोहाराने विचारलं.

"होले. बायकोला रस्सा आवडतो."

"मग साडेचारचीच घे. साडेपाचचा छर्रा बसला की पाखरू जागीच गार. मेलेल्यावर सुरी फिरवून ते हलाल होतं का? पाखरू नुसतं पाडायचं. आणि मग पळायचं, नवरदेव."

दारसा खरंच पळायचा. चार वेळा पंप मारून पंखावर नेम धरायचा, मला बांधावर टाकायचा आणि सुरी घेऊन भातखाचरातून सुसाट सुटायचा. "दारसाची बंदूक मारत नाही, पाडते," असं गाव म्हणायचं. खोटं कशाला सांगू, मी त्या कौतुकाने फुगायचे. पाखरू पडल्यावर पुढे काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

वर्षं सरली. दारसाचा आबाह झाला, म्हाताऱ्याला तिकडे तसंच म्हणतात, आणि त्याचे गुडघे गेले. जावई यायान साडेपाचची बंदूक घेऊन आला.

"आबाह, तुमचं ते खेळणं मोडीत काढा आता."

"तुझीनं मारलेला होला खाशील का?"

"मी नारळावरच्या खारी मारतो. त्या कुठे खायच्यात?"

मी कोपऱ्यात धूळ खात राहिले. मग आबाहची बायको, अंबू इकाह, अंथरुणाला खिळली. तिला अन्न जाईना. एका सकाळी ती म्हणाली, "होल्याचा रस्सा असता तर घोटभर घेतला असता." आबाहने माझ्यावरची धूळ पुसली.

नेम चुकला नाही. होला दोन खाचरं पलीकडे पडला. आबाहला पळवेना, म्हणून त्याने मलाच काठीसारखं चिखलात रोवलं आणि एकेक पाऊल टाकू लागला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाखरापर्यंत गेले. तुटका पंख ओढत ते जागच्या जागी गोल फिरत होतं. चोच उघडी होती. वीस पावलं उरली तेव्हा ते जिवंत होतं. आबाह वाकला तेव्हा मान पडली होती.

आसपास कुणी नव्हतं. सुरी फिरवली असती, तर घरी कळलं नसतं. आबाहने ती गळ्याशी धरली, बराच वेळ धरली आणि म्यानात घातली.

"मिळाला का हो?" अंबूने विचारलं.

"मिळाला. मी उशिरा पोचलो."

"असू दे. पाय धुवा आधी. पेज ठेवा थोडी, तीच घेईन."

तिने दोनच घोट घेतले. आबाह तोंड फिरवून बसला.

मित्रांनो, बंदूक निवडताना लोक साडेचार की साडेपाच, एवढंच विचारतात. स्वतःच्या गुडघ्यांना कुणी विचारत नाही. माझं सगळं कौतुक त्या पाखरांच्या तडफडण्यावर उभं होतं, हे मला इतक्या उशिरा कळलं. पाडलेल्या जिवापर्यंत वेळेवर पोचता येणार नसेल, तर मला हात लावू नका.