एका दिवसाचं वाढप

"उद्यां तूंच वाढावं, अक्का. दुसरं कोण्ही नको."

चंद्रमौळीराव परसातल्या पडवीत येऊन हे बोलले, तेव्हा गोदाक्का सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. भाऊ या पडवीत शेवटचा कधी आला होता, हे आठवायलाही तिला वेळ लागला असता. कुंभकोणमचे नामांकित वकील, नगरपालिकेचे माजी उपाध्यक्ष आणि आता मद्रासच्या असेंब्लीवर निवडून आलेले सभासद! एवढा मोठा माणूस मागच्या पडवीत कशाला फिरकेल? तिथं विहीर, गाय, सरपण आणि गोदाक्का, एवढंच तर होतं.

"मद्रासेहून पुढारी येतात. तुरुंगांत गेलेल्या अक्काच्या हातचं जेवावं म्हणून हट्ट धरून बसलेत."

"स्वैपाक कोण करणार?"

"आचारी आहे की. तूं वाढलीस म्हणजे पुरे."

"आणि परवां?"

राव घसा खाकरले. भाषणाआधी खाकरत, तसे. "परवांपासून स्वैपाकघर तुझं. दाराशी हाकही तूंच मार. अप्पांचा नेम पुन्हा चालू करूं."

"शपथ?"

"विठ्ठलाची शपथ, अक्का."

गोदाक्काचे हात सुपातच थांबले. सात वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. अहो, दुसरं काय मागितलं होतं तिनं? सोनं नाही, नाणं नाही. बापाची चूल आणि बापाचं दार.

बापाचा नेम असा होता. मठात अभंग म्हणणारा गरीब माणूस, घरात दोन शेर तांदूळ असले तर दिवाळी. पण दुपारी नैवेद्य झाला की तो रस्त्याकडचं दार उघडायचा आणि मोठ्यानं तमिळमध्ये ओरडायचा, "कोणी जेवायचं राहिलंय का? या!" कोणी आलं तर आधी तो पाहुणा जेवणार, मग घरचे. मरताना त्यानं हा नेम मौळीला दिला नाही, गोदेला दिला. मौळी लहान होता. गोदा तेराव्या वर्षी नवरा गमावून, केस उतरवून माहेरी परत आलेली. आई आधीच गेलेली. तेव्हापासून गोदा हाक मारायची, आणि मौळीला वाढवायचीही. लोकांच्या लग्नामुंजीत सोवळ्यानं चुली फुंकून तिनं त्याला गावातल्या कॉलेजात शिकवलं. मद्रासला कायदा शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या फराळाच्या डब्यासाठी ती दोन दिवस चुलीसमोरून उठली नाही.

आणि पोरगा हुशार निघाला, यात शंकाच नाही. वारा येईल तशी पाठ द्यावी, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही, उपजतच यायचं. गोऱ्या कलेक्टरचा दौरा आला की रावांचा फेटा स्टेशनवर सगळ्यांच्या पुढे. गटार बांधलं की भाषण, नळ बसला की भाषण, आणि दोन्हींत बादशहाचे आभार. नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले तसे रावसाहेब पदवीचे डोहाळे लागले. एवढ्यात आलं मिठाचं साल.

तिरुचीहून सत्याग्रहींची तुकडी मीठ उचलायला पायी वेदारण्यमच्या समुद्राकडे निघाली होती. कलेक्टरनं हुकूम काढला, यांना जो अन्न देईल, आसरा देईल, तो तुरुंगात जाईल. रावांनी त्या दिवशी सकाळीच घरात बजावलं, "आज दार उघडावयाचं नाही. कळलं की?"

गोदाक्काला कळलं होतं. पण नैवेद्य झाला, आणि बापाच्या वेळेपासून एकही दिवस न चुकलेली हाक तिच्या घशाशी आली. तिनं दार उघडलं आणि हाक मारली. समोरच्या ओट्यावर तुकडीतून मागे पडलेली माणसं बसली होती, पायाला फोड आलेली, उन्हानं काळवंडलेली. कुठल्या जातीची, कुठल्या गावची, तिनं विचारलं नाही. या म्हटलं, ती आली. तिनं माजघरात पानं मांडली, भात वाढला, सांबार वाढलं. ताकाचं भांडं उचलणार, तोच दारात पोलीस.

राव माडीवरून खाली आले. सबइन्स्पेक्टर ओळखीचा. नमस्कार करून म्हणाला, "सार, हुकूम आहे. कोणाला तरी न्यावं लागणार."

एक वाक्य बोलायचं होतं हो त्यांनी! 'हा आमच्या वडिलांचा नेम आहे, रोजचा आहे, मी या घराचा कर्ता आहे.' बस. गोदाक्का ताकाचं भांडं धरून त्या वाक्याची वाट बघत उभी होती.

राव म्हणाले, "माझा ह्यांत काहीं संबंध नाहीं. ही माझी आश्रित बहीण. मज न विचारतां केलंय. घेऊन जा."

आश्रित! तिनं भांडं खाली ठेवलं आणि पदर सारखा करून चालू लागली. जेवणारी माणसं अर्ध्या पानावरून उठली, तेवढ्याचं मात्र तिला वाईट वाटलं.

वेल्लूरच्या तुरुंगात ती सहा महिने होती. पहिले काही दिवस सोवळं सांभाळत पाण्यावर आणि शेंगदाण्यांवर काढले. मग अलमेलु नावाच्या विणकराच्या बायकोनं तिच्यापुढे तांदळाच्या कांजीचा वाडगा धरला आणि म्हणाली, "अक्का, देव इथंसुद्धा जेवतो." गोदाक्का प्याली. सगळ्यांच्या हातचं खाल्लं, सगळ्यांना वाढलं. खरं सांगायचं तर इतक्या माणसांत ती कधी राहिलीच नव्हती, आणि तिला ते आवडलं.

सुटून घरी आली, तर भावजय सीतालक्ष्मी दारातच. "अक्का, तिथं कोणाकोणाच्या हातचं खाल्लंत?" गोदाक्काला खोटं बोलायचं कारण नव्हतं. तिनं सांगितलं. झालं! तिची वळकटी परसातल्या पडवीत गेली, पान तिथंच मांडलं जाऊ लागलं, आणि स्वयंपाकघराचा उंबरा बंद. मुलींची लग्नं व्हायची आहेत, लोक काय म्हणतील! दाराशी हाक मारणंही बंद. राव म्हणाले, "थोडी सबूर कर, अक्का." त्याच वर्षाअखेरीस ते रावसाहेब झाले. गावाला पेढे वाटले. पडवीतही एक आला.

मग वारा फिरला, आणि रावांची पाठही. त्यांनी खादी घातली. भर सभेत पदवी परत केली. आणि मतं मागताना एकच गोष्ट गावोगाव सांगू लागले. पट्टीश्वरमला सांगितली, तिरुभुवनमला विणकरांपुढे सांगितली, तिरुप्पनंदाळला तर रडून सांगितली. 'माझ्या घरात सत्याग्रहींची पंगत बसली होती. मी माझ्या हातानं ताक वाढत होतो. पोलिसांनी माझ्या देवासारख्या अक्काला ओढून नेलं!' बायकांनी डोळे पुसले आणि काँग्रेसच्या पिवळ्या मतपेटीला हळदकुंकू लावून मतं टाकली. करून सवरून नामानिराळे राहणारे पुष्कळ पाहिलेत; न करता श्रेय घेणारा हा एकटाच.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. गोदाक्का पहाटे न्हाऊन, धुतलेलं लाल लुगडं नेसून उंबरा ओलांडून आत गेली. चूल तीच होती, बापानं लिंपलेली. तिनं तिच्यावर हात ठेवला. आचारी म्हणाला, "अम्मा, चटका बसेल." ती हसली.

वाढताना तिच्या अंगात कुठलं बळ आलं कोण जाणे. पंगतीच्या टोकाला मद्रासचे तरुण पुढारी शंकरनारायण बसले होते. शेजारी राव. वर्तमानपत्रवालाही होता. शंकरनारायणांनी हात जोडून तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, त्या दिवसाबद्दल तुमच्या तोंडून ऐकायचंय. राव काय करत होते तेव्हा?"

पंगत थांबली. रावांनी भाताचा घास हातातच धरला आणि बहिणीकडे बघितलं. लहानपणी ताप आला की मौळी असाच बघायचा. गोदाक्काच्या मनात एकदम सगळं वर आलं. 'आश्रित' आलं, पडवी आली, तो पेढा आला. एक खरं वाक्य, आणि या माणसाची खादी इथंच उतरली असती. पण उद्यापासून ती चूल तिची होती. दार तिचं होतं. विठ्ठलाची शपथ घेतली होती त्यानं.

"ताक वाढत होता," ती म्हणाली.

"शाबास!" शंकरनारायण म्हणाले. टाळ्या झाल्या. रावांचे डोळे भरून आले. कोणी म्हणालं, अशी भावंडं लाभायला पुण्य लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का न्हाऊन सोवळ्यानं आत जायला निघाली, तर स्वयंपाकघराची फरशी ओली. सीतालक्ष्मीनं गोमूत्र शिंपडून, भांडी चिंचेनं घासून उन्हात टाकली होती. ती दारात आडवी उभी राहिली. "काल वाढलंत की, अक्का. तें पाहुण्यांसाठी. आतां कसाला आंत?"

"मौळीनं शपथ घेतलीय."

राव झोपाळ्यावर कॉफी पीत होते, मांडीवर वर्तमानपत्र. पंगतीची बातमी छापून आली होती. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "अक्का, मी नाहीं म्हणालो का? थोडी सबूर. आतां मंत्रिमंडळ बनावयाचं आहे. मठवाल्यांना, जातवाल्यांना दुखवून कसं चालेल? तें एकदां होऊं दे."

"मी काल काय बोलले, तुज ठाऊक आहे."

"तुझे उपकार विसरेन का मी?" राव म्हणाले आणि पान उलटलं.

गोदाक्का मागे वळली. चूल गेली त्याचं दुःख तिला सात वर्षं होतं. ते तिनं झेललं होतं. पण काल तिनं स्वतःच्या तोंडानं त्या अर्धपोटी उठलेल्या माणसांना खोटं पाडलं होतं, आणि कोणासाठी?

ती परसात गेली. विहिरीत पोहरा सोडला, वर ओढला, दक्षिणेकडे तोंड केलं आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतला. पाणी धुण्याच्या दगडावर फुटलं. पुन्हा पोहरा सोडला, पुन्हा ओतला. आपल्यात अशी सचैल आंघोळ कधी करतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सीतालक्ष्मीच्या हातातलं भांडंच पडलं. ती ओरडत आत गेली, "अहो, बाहेर या! कोठून तरी वाईट खबर आलीय!"

राव धावत आले. पायात चपला नव्हत्या. तंजावरचे काका आजारी होते, चेहरा पार उतरला होता त्यांचा. "अक्का! कोण गेलं?"

गोदाक्कानं तोंडावरचं पाणी हातानं निपटलं.

"माझा भाऊ," ती म्हणाली, आणि लुगड्याचा पदर पिळू लागली.