कुमाने विकलेली गाडी

त्या पांढऱ्या गाडीचं स्टिअरिंग वळणावर अडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तक्रार करायची म्हटली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. कारण गाडी विकली होती शोरूममध्ये नोकरीला असलेल्या वुकोतानं, आणि वुकोता आमचा कुम, म्हणजे धर्मपिता; मी त्याची कुमा. माझ्या नातवाला, ओब्रेनला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं. आमच्या डोंगरात सख्ख्या भावाला माणूस कोर्टात खेचेल, पण कुमाविरुद्ध चकार शब्द काढणार नाही.

माझा मुलगा गोयको एकदाच चाचरत त्याच्याशी बोलला. वुकोता हसला. "अरे, गाडी शहाणी आहे. तुमचा रस्ता वेडा आहे."

त्या वेड्या रस्त्यानं माझी सून स्लावका रोज ओब्रेनला शाळेत सोडून बेकरीत कामाला जायची. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खोल खाली मोराचा नावाची नदी. परत आली की म्हणायची, "आई, आज दोनदा अडलं," आणि मुकाट्यानं बटाटे सोलायला बसायची.

मी शाळेत गेले तीन इयत्ता, त्याही मेंढरं सांभाळून. गाडीतलं मला काही कळत नाही, माणसांतलं कळतं. रविवारी वुकोता जेवायला आला, तेव्हा त्याला पोटभर मटण वाढलं आणि मग म्हटलं, "कुमराव, मला जरा नवऱ्याच्या कबरीवर सोडा. याच गाडीनं."

दुसऱ्याच वळणावर स्टिअरिंग दगड झालं. वुकोतानं दोन्ही हातांनी ओढलं, ब्रेक दाबला. गाडी खडकाला घासत थांबली. माझं दार खडकाला असं चिकटलं की बोटही बाहेर जाईना. त्याचा हात मात्र सरळ किल्लीकडे गेला. गाडी बंद केली, जरा थांबला, पुन्हा सुरू केली. स्टिअरिंग सुटलं. नवख्याचा हात असा जात नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"बरेच जण तक्रार घेऊन येतात, कुमा. कंपनी म्हणते, दोष सापडत नाही. मी तोंड उघडलं तर माझी नोकरी जाईल."

"ओब्रेन बसतो मागच्या सीटवर."

त्यानं डोळे मिटले. "कुमा, देवाची आणि संत योवानाची शपथ घालतो. कुणाला सांगू नकोस."

ही शपथ कुमानं घातली की संपलं. मोडली तर घराण्याला लागते. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला हा, आणि आता जिभेवरही कडी. आयुष्यात मला कुणी इतकं पुरतं कोंडलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यानं गोयकोला सांगितलं, बकरी आडवी आली.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात नेली आणि गाडीच्या पुढ्यात बसले. मागे गोठ्याची भिंत, पुढे मी.

"आई, उशीर होतोय," स्लावका म्हणाली.

"बसनं जा."

"बस गेली. उठा ना. झालंय काय?"

झालंय काय, तेच तर सांगता येत नव्हतं. "गुडघे दुखतायत. इथं ऊन बरं लागतं."

"ऊन कुठाय? आभाळ आलंय."

"मग आभाळ बरं लागतं."

कुंपणापलीकडून शेजारीण दारिंका खिदळली. "स्ताना, गाडी अंड्यावर बसलीय का गं, राखण करतेस ती?"

"तुझा नवरा वेळेवर राखला असतास, तर आज कुंपणाला लटकली नसतीस," मी म्हटलं. निदान एवढं बोलायला शपथ आड येत नव्हती.

दुसऱ्या दिवशीही बसले. स्लावका रडली. "माझं काम घालवायचंय तुम्हाला. सरळ सांगा, मी घराबाहेर पडलेली खपत नाही." ते गिळलं. गोयको ओरडला, तेही गिळलं. शेवटी त्यानं आमच्यात करतात तेच केलं. घरात भांडण झालं की कुमाला बोलावतात.

तिसऱ्या सकाळी वुकोता आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुमा, ऊठ. लोक हसतायत."

"उठते की." मी खुर्ची बाजूला ओढली. "ओब्रेन, मागे बस. पट्टा लाव. आज कुमराव सोडतील तुला शाळेत."

गोयकोनं त्याच्या हातात किल्ली ठेवली. वुकोता आत बसला. काच खाली होती, म्हणून मागचं बोलणं मला ऐकू आलं.

"वळणावर अडलं की मी ओरडत नाही," ओब्रेन त्याला सांगत होता. "ओरडलं की आई घाबरते."

वुकोतानं किल्ली लावली. फिरवली मात्र नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत ती परत काढून घेतली. मग उतरला, मागचं दार उघडून पोराचा पट्टा सोडला आणि त्याला खाली उतरवलं.

"गोयको, ही गाडी चालवू नका. दोष गाडीचाच आहे. मला ठाऊक होतं. तुझ्या आईलाही रविवारी कळलं, मीच तिला शपथ घातली."

गोयकोनं ओब्रेनला उचललं. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. कुमाच्या तोंडावर दार लागलेलं या घरानं कधी पाहिलं नव्हतं. स्लावका माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"शपथ सुटली ना?" मी विचारलं.

"सुटली, कुमा."

किल्ली अजून त्याच्या मुठीत होती, आणि ती कुणाला द्यावी हे त्याला कळत नव्हतं. मी हात पुढे केला.