हातात उरलेलं पांढरं टोक

मित्रांनो, मला दोन्ही अंगांना तीन-तीन टोकं आहेत. एक पिवळं, एक लाल, एक पांढरं. आता दुकानात माझ्यासारख्या वायरला कोणी विचारत नाही. पण रोण गावात, गौरव्वाच्या घरी, डिस्कवरचं सगळं काही माझ्यातूनच टीव्हीपर्यंत जायचं. पिवळ्यातून चित्र, लालमधून उजव्या बाजूचा आवाज आणि पांढऱ्यातून डाव्या बाजूचा. कारखान्यात मला रंग दिले ते एवढ्यासाठीच, की माणसाने रंगाला रंग जुळवावा आणि निर्धास्त व्हावं.

पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा आळीतल्या बायकांनी माझंसुद्धा कौतुक केलं होतं. पुढे नवा टीव्ही आला आणि मी मेलेल्या सेलांबरोबर डब्यात पडले. पितळ काळवंडलं. कोणाला माझी आठवणही नव्हती.

सून सुवर्णाच्या कुबसाच्या दिवशी, म्हणजे तिच्या डोहाळजेवणाला, गौरव्वाला थोरल्या लेकीच्या लग्नाची डिस्क लावायची होती. त्या लग्नात तिने आणि तिच्या धाकट्या बहिणीने, शांतव्वाने, सोबाने पदं, म्हणजे लग्नातली मंगल गाणी, म्हटली होती. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तिला उत्तर द्यायचं. शांतव्वा लहान वयात विधवा होऊन बहिणीकडे आलेली. म्हणून गौरव्वा मांडवात आणि ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. चित्रण करणाऱ्याने दोघींपुढे दोन माइक ठेवले होते; एकीचा आवाज उजव्या बाजूला गेला, दुसरीचा डाव्या. नंतर शांतव्वाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तिचा आवाज आता त्या एका डिस्कमध्येच उरला होता.

गौरव्वाचा मुलगा महांतेश चपट्या टोकाची नवी वायर घेऊन आला.

"अव्वा, हिच्यात चित्र काचेसारखं दिसतं म्हणे."

प्लेयर मात्र जुना. त्याला तसली जागाच नव्हती.

"काज नाही आणि बटण भारीतलं आणलंस," गौरव्वा म्हणाली. "जा, डब्यातली जुनी काढ."

महांतेशने मला पुसलं. पिवळं लावलं, लाल लावलं. पांढरं हातात घेतलं, तोच गौरव्वाने त्याला थांबवलं.

"हळद-कुंकू लागलं ना? मग पुरे. पांढरं आज नको. घरात कुबस आहे."

"अव्वा, वायर आहे ती."

"चित्र दिसतंय, आवाज येतोय. मग? उगाच वाद घालू नकोस."

दाराशी शांतव्वा विड्याची पानं पुसत होती. तिचा हात थांबला. मग ती पुन्हा पानं पुसायला लागली, पण खाली मान घालून. मला सांगायचं होतं, पण वायरीला कुठे बोलता येतं?

गाणं सुरू झालं. गौरव्वाची ओळ खणखणीत आली आणि मग शांतता. पुन्हा तिची ओळ, पुन्हा शांतता. बायका म्हणाल्या, इतक्या जुन्या वायरीने चित्र काय छान दाखवलं. निम्मं गाणं गिळून मी शाबासकी घेत होते. इतकी लाज मला डब्यात पडून राहिल्याचीही वाटली नव्हती.

"डिस्क गेली बहुतेक," महांतेश म्हणाला. "फेकून देऊ. लेकरू झालं की नवं चित्रण करू."

त्याने बटणाकडे हात नेला.

"थांबा," पाटावर बसलेली सुवर्णा म्हणाली आणि सासूकडे वळली. "अत्ते, चिगव्वांकडे बघा ना."

घरातली तरुण मंडळी शांतव्वाला चिगव्वा, म्हणजे धाकटी मावशी, म्हणत. गाणं जिथे जिथे थांबत होतं, तिथे तिथे तिचे ओठ हलत होते. एकही ओळ चुकत नव्हती.

गौरव्वाने टीव्हीकडे पाहिलं, मग दाराकडे. तिचा चेहरा उतरला. गुडघ्यावर हात टेकत ती उठली, टीव्हीपाशी आली आणि माझं लोंबणारं पांढरं टोक तिने हातात धरलं.

"तंगी, ये इकडे. तू लाव," तिने धाकट्या बहिणीला हाक मारली.

शांतव्वा जागची हलेना. सुवर्णाच्या पाटासमोरून जायचं होतं ना.

"ये गं," गौरव्वा म्हणाली. "त्या दिवशीही तुला दारात मीच बसवलं होतं. दुसऱ्या कोणी नाही."

शांतव्वा आली. पांढऱ्याला पांढरं जुळवून तिने मला दाबून बसवलं. डाव्या बाजूने एक पातळ, गोड, जरासा नाकातला आवाज उमटला आणि थेट गौरव्वाच्या ओळीला येऊन भिडला. शांतव्वाने गळ्यावर हात ठेवला. गौरव्वाला वर बघवेना. बहिणीचं मनगट धरून ती तिथेच खाली बसून राहिली.

मित्रांनो, टीव्हीला काही जोडाल तेव्हा आधी दोन्हीकडच्या जागा बघा, मग वायर निवडा. मला ओढू नका, पिळू नका. आणि लावून झाल्यावर एखादं टोक हातात उरलं, तर चित्र दिसतंय म्हणून उठून जाऊ नका. तिकडे कोणीतरी गात असेल.