डुकराच्या चरबीने फिरलेली कप्पी

मित्रांनो, मी विहिरीवरची कप्पी नव्हे. सारावाकच्या डोंगरात चिखलात रुतलेल्या गाड्या बाहेर काढणारी, म्हातारी झालेली पण अजून कामाची, अशी मी पोलादी कप्पी आहे. दोन जाड गाल, मध्ये चाक, वर आकडा. एवढाच माझा देह. लावास बंदराजवळच्या कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळी होते. तो निळा रंग आता फक्त आकड्याच्या बगलेत उरला आहे.

गाडीच्या नाकावर विंच असतो, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारे यंत्र. एकट्या विंचला गाडी हलेना, की मला समोरच्या झाडाला बांधतात. दोर माझ्या चाकावरून वळून पुन्हा गाडीकडे येतो. मग विंचवर निम्माच भार पडतो. गाडी मात्र निम्म्या वेगाने सरकते, आणि मला धरणाऱ्या झाडाला विंचच्या दुप्पट ओढ सोसावी लागते. हे शेवटचे लोक विसरतात. आजवर मी हरले नाही. माझ्यामागची कुजकी झाडे हरली.

तागालचे वडील माझे पहिले धनी. प्रत्येक फेरीनंतर ते मला ओढ्यात धूत, ग्रीस भरत आणि गोणपाटात गुंडाळून ठेवत. ते गेले आणि मी तागालकडे आले. एकदा त्याच्या बहिणीचा नवरा, दावात त्याचे नाव, मला मागून घेऊन गेला आणि बरबटलेलीच परत घेऊन आला.

"तुमच्या घरी धुवायची रीत नाही का?" तागाल म्हणाला.

"कप्पी आहे ती, नवरी नाही!"

बोलणे तुटले. आणि गंमत बघा, तागालनेही मला धुतले नाही. पुरावा म्हणून तो चिखल तसाच ठेवून तो मला येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. चिखल वाळला. माझे चाक घट्ट बसले.

पुढे दावातला पहिले मूल झाले. अशा वेळी आमच्याकडे आईबापांना आणि आजीलाही साऱ्या गावासमोर नवी नावे मिळतात. तागाल आपल्या आईला, रिनिंगला, घेऊन त्या मेजवानीला निघाला. तिच्या मांडीवर डुकराच्या चरबीचा डबा होता. जंगलतोडीने उजाड झालेल्या एका चढावर गाडी घसरली आणि मागचे चाक दरीच्या काठावर जाऊन रुतले. म्हातारी उतरायला हलली, की गाडीही हले. आजूबाजूला नुसते नेचे. बांधायला झाड एकही नाही.

उशीर का झाला ते बघायला दावात गाडी घेऊन वरून आला. त्यांनी तागालच्या विंचचा दोर सरळ दावातच्या गाडीला लावला. विंच नुसता कण्हला.

"कप्पी काढ," दावात म्हणाला.

तागालने मला काढले. चाक फिरेना. त्याचा चेहरा उतरला.

"तुझाच चिखल आहे हा!"

"माझा होता. आता तुझा झालाय, इतका जपून ठेवलास ना!"

"भांडणं घरी जाऊन करा!" रिनिंग आतून ओरडली. "आणा तिला इकडे!"

खिडकीतून मला आत दिले. जागचे न हलता म्हातारीने केसांतला आकडा काढला, माझ्या फटींतला चिखल कोरला आणि चरबी चोळली. चाक फिरले.

"दावात, दुप्पट ओढ तुझ्या गाडीवर येणार," तागाल म्हणाला. "माझी गेली तर तुझीही जाईल. तू बाहेर उभा राहा."

"आणि ब्रेकवर पाय कोण ठेवणार? तुझा बाप?"

"ते असते तर ठेवला असता त्यांनी."

दावातने आपल्या गाडीचे दार उघडले. मग गाडीत चढत म्हणाला, "मी ठेवतो."

त्यांनी झाडाऐवजी मला दावातच्या गाडीला बांधले आणि तिच्या चाकांना दगड लावले. तुटलाच तर दोर उसळू नये, म्हणून त्यावर ओले पोते टाकले. दोर ताठ झाला. मी करकरले आणि फिरू लागले. दावातची गाडी वीतभर दरीकडे ओढली गेली. त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही. दगड चिखलात रुतले, गाडी थांबली. आणि तागालची गाडी हळूहळू, आईसकट, वर आली.

संध्याकाळी दावातचे नवे नाव पुकारले गेले: पारान. त्या नावाने पहिली हाक तागालने मारली.

"ए पारान! जेवण झालं की बाहेर ये. कप्पी धुवायचीय. दोघांनी!"

तेव्हापासून कुत्री माझ्याभोवती घुटमळतात. चरबीचा वास पुरता गेलेला नाही.

मित्रांनो, कुणाची वस्तू आणली तर धुऊन परत करा. आणि कुणी तुमची वस्तू मळवून आणली, तर तो मळ जपून ठेवू नका.