माझ्या शेजारी कुणी उगवत नव्हते

मित्रांनो, मी ज्वारीचा एक जुना बुडखा आहे. कापणी झाल्यावर जमिनीत जे उरते आणि अनवाणी पायात रुतते, तेच ते धसकट. माझी गाठ पडली की माणसांच्या तोंडून पहिला शब्द बहुधा "आई गं" असाच निघतो. तरीही आज मला बोलायचे आहे, कारण एक गोष्ट मला कित्येक दिवस स्वस्थ बसू देत नाही.

माझा जन्म परतवाड्याजवळच्या एका गावात, किसनरावांच्या मळ्यात झाला. किसनराव, त्यांची बायको सत्यवतीबाई आणि सून वर्षाली असे तिघे मिळून वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू पिकवतात आणि परतवाड्याच्या बाजारात नेतात. विहिरीजवळच्या लहानशा तुकड्यात मात्र यंदा त्यांनी घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरली. तिथे मी उगवलो, एका रांगेच्या अगदी टोकाला, पायवाटेला लागून.

उगवल्यापासून माझ्या मुळांना एक खोड आहे. त्यांच्या केसांसारख्या बारीक तंतूंमधून पिवळसर, तेलकट थेंब पाझरत राहतात. मी थांब म्हटले तरी ते थांबत नाहीत. तो रस मातीत मुरतो आणि शेजारी एखादे बारीक बी रुजू लागले, की त्याला हिरवे होऊच देत नाही. रानमाठ आला, पिवळा पडला, गेला. केन्याचे तण आले, तेही गेले. दोन पाने फुटेपर्यंतही कुणी टिकेना. माझी भावंडे रांगेत होती, पण ती सगळी माझ्यासारखीच. नवा शेजारी म्हणून कुणी मिळालाच नाही.

किसनराव मात्र खूश होते. एकदा ते कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "पाय व, जवारीनं कसं साफ ठेवलं रान! एक निंदन वाचलं आपलं."

खोटे कशाला सांगू, मी त्या दिवशी फुगलो होतो. त्या सगळ्या तुकड्यात फक्त एक कोपरा तणाने माजला होता. तिथे विहिरीचा पाइप गळायचा, चिखल असायचा, म्हणून तिथे ज्वारी पेरलीच नव्हती. त्या कोपऱ्याकडे आम्ही नाक मुरडून पाहायचो.

दिवाळीच्या आत आमची कणसे खुडली गेली आणि कडबा गाईपुढे पडला. मग तुकड्यात एक छोटे यंत्र फिरले आणि माझ्या भावंडांचे तुकडे होऊन मातीत मिसळले. मी पायवाटेच्या कडेला होतो म्हणून आख्खा राहिलो. मला वाटले, झाले आपले काम, आता निवांत कुजायचे. पण खोड कापले म्हणून मुळांतला रस जात नाही. कुजताना तो आणखीच मातीत उतरतो, हे मला तेव्हा कळले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सत्यवतीबाई हातात एक कापडी पुरचुंडी घेऊन आल्या.

त्या पुरचुंडीत पांढऱ्या कांद्याचे बी होते. सत्यवतीबाईंच्या आई दुर्गाबाई पातूरला असायच्या. चाळीस वर्षे त्यांनी दरवर्षी निवडक कांदे राखून, ते पुन्हा लावून, हे बी धरले होते. या उन्हाळ्यात बी वाळवून ठेवले आणि आठ दिवसांतच त्या गेल्या. माहेरी आता कांदा कुणी लावत नाही. आणि कांद्याचे बी पेटीत जपून ठेवण्यासारखे नसते. वर्ष उलटले की ते मरू लागते. यंदा उगवले तर उगवले, नाहीतर दुर्गाबाईंचा कांदा संपला.

सत्यवतीबाई सगळ्या मळ्यात फिरून शेवटी आमच्याच तुकड्यापाशी थांबल्या. "माह्या मायचं बी हाये," त्या म्हणाल्या. "हे साफ जागेतच टाकू. इथं तनाचं नाव नाई." मग त्यांनी पुरचुंडीतले निम्मे बी वर्षालीच्या ओंजळीत दिले. "तू टाक. तुहा हात चांगला हाये."

वर्षाली चांदूर रेल्वे या गावची. गेल्या वर्षीच लग्न होऊन आली आणि वाफे, रोपे, पाणी, सारे इथेच शिकली. सासूने आपल्या आईचे बी हातात दिले म्हणून तिचा चेहरा उजळला होता. तिने वाफे केले, बोटाने रेघा ओढल्या, काळे बारीक बी सोडले, वरून चाळलेले शेणखत भुरभुरले आणि झारीने पाणी दिले. मी कडेला उभा राहून पाहत होतो. इथे नको गं, इथे मी आहे, असे माझ्या बुडापासून ओरडावेसे वाटत होते.

या घराची एक रीत आहे. पेरणी झाली की शेवटची चिमूट घरी न्यायची नाही. ती पाखरांचा वाटा म्हणून बाजूला कुठेतरी टाकायची. सत्यवतीबाईंनी ती चिमूट पाइपाखालच्या त्या माजलेल्या कोपऱ्यात भिरकावली आणि हात झटकले.

नवव्या दिवशी वाफ्यात दुमडलेल्या दोऱ्यासारखी रोपे वर आली. वर्षाली हरखली. मला मात्र क्षणाची उसंत नव्हती. मी सगळी मुळे आवळून धरायला पाहिली. मुळे आवळता येत नाहीत, मित्रांनो. बाराव्या दिवशी दोऱ्यांची टोके पिवळी झाली, पंधराव्या दिवशी ते आडवे पडले. वर्षाली सकाळ-संध्याकाळ उकिडवी बसून पाहायची. पाणी वाढवून झाले, कमी करून झाले, राखही टाकून झाली. विसाव्या दिवशी वाफे पुन्हा साफ होते. त्या साफपणाची मला पहिल्यांदाच किळस आली.

सत्यवतीबाईंनी येऊन रिकामे वाफे पाहिले. "माह्या मायचं बी असं कदीच गेलं नाई," त्या म्हणाल्या. "बी चांगलं होतं. हातच बराबर नाई लागला." मग पुरचुंडी कनवटीला खोचून म्हणाल्या, "रायलेलं उद्या मीच टाकतो. याच वाफ्यात."

सासू गेल्यावर वर्षाली पायवाटेवर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. दोषी मी होतो आणि बोल तिला लागला होता. त्याहून वाईट म्हणजे, उद्या उरलेले बीही माझ्याच रसात पडणार होते. नेमके माझे तोंड कुणी ऐकत नाही, आणि माझी मुळे मात्र सगळ्यांना ऐकावी लागतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीबाई वाफे उकरायला बसल्या. वर्षाली पाण्याची चावी फिरवायला पाइपाखालच्या त्या कोपऱ्यात गेली. चावी केन्यात बुडाली होती. तिने तो दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि तशीच वाकून राहिली.

"आत्याबाई, इकडे या!" तिने सासूला हाक मारली.

"काहून ओरडून रायली?"

"या ना तुमी पयले!"

केन्याच्या बुडाशी कांद्याची रोपे उभी होती. वीतभर नव्हती, पण हिरवीगार होती. पाखरांनी आपला वाटा उचललाच नव्हता.

सत्यवतीबाईंनी एक पात बोटांत चुरून हुंगली. "तेच बी हाये हे," त्या पुटपुटल्या. "मग तिकडंच काहून जळलं?"

वर्षाली घाबरत, पण ठाम बोलली. "तिकडं तन बी येत नाई, आत्याबाई. आपन म्हनलं जागा साफ हाये. पन तिथं कायीच जगत नसन तर?"

किसनराव तोवर झेंडूची टोपली घेऊन येऊन पोचले होते. ते डोके खाजवत म्हणाले, "जवारीमागं गहू टाकू नोको, हलका येते, असं माहा बाप म्हने. काहून, ते कोनी इचारलं नाई."

मग वर्षाली तडक माझ्याकडे आली. तिने दोन्ही हातांनी मला धरले, हिसडा दिला आणि मी मुळांसकट बाहेर आलो. अंगावर ऊन पडले. आजवर लपवलेले सगळे आता दिसणार म्हणून मी शरमलो, आणि खरे सांगतो, सुटल्यासारखेही वाटले. तिने माझी मुळे सासूसमोर धरली. त्यांना चिकटलेल्या मातीत एक मेलेले पिवळे कांद्याचे रोप अडकलेले होते. सत्यवतीबाईंनी ते हळूच सोडवून तळहातावर घेतले. पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले.

"मी उगाच बोलली तुले," त्या म्हणाल्या आणि कनवटीची पुरचुंडी काढून त्यांनी सुनेच्या हातात ठेवली. "घे. तुह्याच हातानं टाक."

दोघींनी मिळून तो कोपरा हाताने निंदला, पाइपाची गळती बांधली, उगवलेली रोपे तशीच राखली आणि बाकीच्या जागेत बी टाकले. शेवटची चिमूट उरली तेव्हा वर्षालीने सासूचा हात धरला. "पाखराईचा वाटा आज नोका टाकू, आत्याबाई. मले द्या." तिने ती चिमूट कागदात बांधून ठेवली. मला तिने पुन्हा जुन्या वाफ्याच्या कडेला, माझ्याच जागी खोचले. माझ्या भावंडांचे काही तुकडे वेचून तिने वांग्यांच्या ओळींत पसरले. वांग्याची मोठी झाडे आमच्या रसाला दाद देत नाहीत, आणि तिथले तण आमच्यामुळे दबते. एकाच रसाची कुणाला मदत होते आणि त्यानेच कुणाचा जीव जातो. मी कोणाच्या शेजारी आहे, एवढाच काय तो फरक.

कोपऱ्यातले बी दाट उगवले. दुर्गाबाईंचा कांदा वाचला. पण माझ्या जिवाची घालमेल थांबली नाही. आमच्या तुकड्यात वर्षालीने शेणखत घातले, पाणी देत राहिली, आणि मी दररोज स्वतःला चाचपत राहिलो, अजून पाझरतोय का, अजून उरलाय का तो रस?

संक्रांतीच्या दिवशी, माती निवळली का ते पाहायला, वर्षाली ती कागदाची पुडी घेऊन आली. सत्यवतीबाईही होत्या. पाखरांचा वाटा तिने नेमका माझ्या बुडाशी टाकला आणि वर मूठभर माती सारली. त्यानंतरचे दहा दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक.

मित्रांनो, एक विनंती करतो. रिकामी, साफ जागा दिसली की आधी विचारा, इथे आपल्याआधी कोण उभे होते आणि ते मागे काय ठेवून गेले. आणि काही उगवले नाही, तर पेरणाऱ्याच्या हाताला बोल लावण्याआधी खाली वाकून माती पाहा. एवढे केलेत तर माझ्यासारख्या मुक्याचे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.

आता मी पार कुजलो आहे. बोटाने दाबले तर भुगा होईन. पण विहिरीकडच्या या पायवाटेने आलात, तर पाय जपून टाका. मी रुतेन ही भीती आता नाही. माझ्या शेजारी पाच हिरवी रोपे उभी आहेत.